राणमाळच्या राजाचे आम्ही भाऊबंद

मु. राणमाळ (चाळीसगावहून वर, डोंगरात)
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप सुपडू नाना,

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ दिसला नाही म्हणून तुम्ही चष्मा पुसायला घ्याल, तेव्हा आधीच सांगतो, घाबरू नका. आपल्यातलं कोणी गेलेलं नाही. म्हणजे गेलं आहे, आणि आपल्यातलंच गेलं आहे, पण तुम्ही त्यांना ओळखत नाही आणि गेल्या शनिवारपर्यंत मीही ओळखत नव्हतो. मी सुतकात आहे. सुतकातल्या माणसाने नमस्कार घालू नये म्हणतात, म्हणून या खेपेला तुमच्या पायांवर डोकं ठेवलेलं नाही, नुसतं मनात आणलेलं आहे. (डोक्याविषयी पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता? वहिनींची शुगर, कापसाची वेचणी, नव्या ट्रॅक्टरची पासिंग, सगळं मार्गी लागलं असेल अशी आशा आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर इथे रेंज फक्त किल्ल्याच्या बुरुजावर येते आणि मला सध्या उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. शिवाय फोनवर तुम्ही ‘हां, बोल’ म्हणता आणि मी बोलायला लागलो की फोन वहिनींच्या हातात देता. हे पत्र मात्र त्यांच्या हातात देऊ नका.

विषय थोडक्यात असा. रविवारी धुळ्यात देवपूरला आपल्या पुनमचा साखरपुडा आहे. जावई जितेंद्र सैन्यात, मंगळवारी त्याची सुट्टी संपते, आणि पुढची सुट्टी कधी हे त्याच्या साहेबालाही ठाऊक नाही. दीड वर्ष ही पोरं एकमेकांसाठी थांबली आहेत. आणि मुलीचा बाप, म्हणजे मी, इथे डोंगरात डोकं तासून घोंगडीवर बसलो आहे. यातून मला सोडवू शकेल असा माणूस अख्ख्या खान्देशात एकच आहे, तो म्हणजे तुम्ही. कसं ते कळायला आधीचं सगळं वाचावं लागेल. मधली पानं सोडू नका, ही तुमची सवय मला माहीत आहे.

सगळा दोष पुनमचा. एसटीतून निवृत्त झाल्यापासून मी घरात स्वस्थ बसत नाही, अशी कुंदा नि पुनम या मायलेकींची तक्रार. अहो, पंचवीस वर्षं ज्या माणसाने कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल हे ठरवलं, त्याने साखरपुड्याच्या हॉलवर गाड्या कुठून आत येतील नि कुठून बाहेर जातील हे सांगितलं तर कुठे बिघडलं? हॉलवाल्याने बिघडलं असं मानलं. आचाऱ्याला मी शेवभाजीचा रस्सा किती पातळ असावा हे समजावलं, तर तो माझा फोन उचलेनासा झाला. शेवटी पुनमने मोबाईलवर बोटं फिरवली आणि जाहीर केलं, ‘पप्पा, तुम्ही नि मम्मी चार दिवस आराम करायला जा, बुधवारी परत या, तोवर मी सगळं बघते.’ जागेची जाहिरातही वाचून दाखवली: ‘मध्ययुगीन गावात निवांत मुक्काम.’ त्यातलं मध्ययुगीन त्यांनी शंभर टक्के खरं केलं आहे. वारा सुटला की वीज जाते, पाणी तळ्याच्या पायऱ्या उतरून आणायचं आणि आंघोळीसाठी बंब. निवांताबद्दल पुढे लिहितो.

पण नाना, गाव बघाल तर बघतच राहाल! तुम्ही साठ वर्षं याच डोंगराच्या पायथ्याशी राहून एकदाही मान वर केली नाहीत, याचं या नवललाच नवल वाटतं. (माझ्या नावावर विनोद करू नका.) जीप तिसऱ्या वळणावर दमते तिथे पहिला दरवाजा लागतो, अजून उभा. दुसराही उभा. तिसरा आडवा झाला आहे, त्याच्यावर गावातले म्हातारे ऊन खात बसतात. वर तळं, तळ्याकाठी देऊळ, आणि त्याच्या मागे किल्ल्याचा कडा. इथल्या माणसांना कान्हदेव राजा जाऊन सात-आठशे वर्षं झाली असं वाटतच नाही. राजा आताच चाळीसगावला बाजाराला गेला आहे आणि संध्याकाळच्या गाडीने येईल, अशा सुरात सगळे त्याच्याविषयी बोलतात. कोणाचा गोठा म्हणजे राणीचं न्हाणीघर, कोणाचा उकिरडा म्हणजे तोफखाना. जिथे आम्ही उतरलो त्या घराची पायरीसुद्धा राजाच्या सिंहासनाची म्हणे. कुंदाने पहिल्याच दिवशी तिच्यावर चटणी वाटली.

घर झुलाल आबांचं. वय नव्वदीच्या पुढे, ताठ, डोक्याला पांढरा फेटा, तोंडात एकही दात नाही आणि तरी भाकरी कुसकरायला कोणाची मदत नाही. घरात ते आणि त्यांच्या सुंदरबाई अक्का, दोघंच. मूलबाळ नाही. राजाच्या थोरल्या मुलाची जी पाती, म्हणजे शाखा, या गावात राहिली, तिच्यातले आबा शेवटचे. पाहुण्यांच्या खोल्या शेजारचा पुना बघतो. तोच फिरवतो, तोच पोहे करतो आणि तोच संध्याकाळी तळ्याकाठी सगळ्या पाहुण्यांना बसवून राजाची कथा सांगतो. ती कथा ऐकूनच माझा घात झाला.

कथा अशी. दिल्लीच्या सुलतानाची फौज खाली येऊन बसली, किल्ल्याला वेढा पडला. दाणा संपला, पण राणी मोठी हिकमती. तिने उरल्यासुरल्या म्हशींचं दूध कड्यावरून खाली ओतलं, की वैऱ्याला वाटावं, वर दुधाचा पूर आहे. वैरी महिनाभर चकला. मग कोणीतरी घरभेदी निघालाच. दरवाजा पडायच्या आदल्या दिवशी राणीने धाकट्या मुलाला टोपलीत घातलं, टोपलीत खूण म्हणून मोराचं पीस ठेवलं आणि टोपली कड्यावरून दोरीने खाली सोडली. ते पोर तापीच्या अंगाला कुठेतरी वाढलं. थोरला वर लढला, जगला, त्याची पाती इथे राहिली. आणि धाकट्याची पाती एक दिवस परत वर येईल, म्हणून या घराच्या दारावर पिढ्यानपिढ्या मोरपीस खोचलेलं असतं. पुनाचा आवाज असा भरून आला की मी पोह्यांची बशी खाली ठेवली. (पोहे चांगले होते.)

आता तिथे ठाण्याकडचे एक गृहस्थ बसले होते, गळ्यात हा एवढा कॅमेरा. त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुठले? म्हटलं, धुळ्याचे. ते म्हणाले, ‘अरे वा, आम्ही इंदूरला जाताना धुळ्याला बायपासने जातो. तिथे थांबून बघण्यासारखं काही आहे का हो? फार उकडतं ना?’ नाना, तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी पांझरेपासून सुरुवात केली, लळिंगचा किल्ला सांगितला, वांग्याच्या भरितावर तर पाव तास बोललो, तो माणूस आपला हसतोय आणि मान डोलावतोय, लहान मुलाची कविता ऐकावी तसा. माझं डोकं सटकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हणालो, ‘साहेब, ही आत्ता जी कथा ऐकलीत ना, त्यातलं टोपलीतलं पोर म्हणजे आमचा मूळपुरुष. आम्ही कान्हदेव राजाच्या धाकट्या पातीचे.’ त्या गृहस्थाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या क्षणाचं समाधान मी तुम्हाला लिहून कळवू शकत नाही.

अगदीच हवेत बोललो असं समजू नका. आपले आजोबा म्हणायचेच, आपण वरून आलो. वरून म्हणजे कुठून हे आपण कोणी विचारलं नाही, ही आपली चूक.

मी बोललो ते ठाण्याच्या माणसासाठी. ऐकलं मात्र पुनाने, आणि तो जो उठून धावत सुटला तो थेट आबांकडे. आम्ही घरी पोचतो तर आबा अंगणात उभे, कंदील वर धरलेला. मला समोर बसवून घेतलं. बाकी काही नाही, एकच विचारलं: ‘काय शे भो तुमनं देवक?’ आता तुम्हीच सांगा, देवकाचं मला काय ठाऊक असणार? आपल्या घरच्या लग्नात मांडवात देवक बसवायला तुम्ही आणि वहिनी. मी कायम गाड्यांच्या व्यवस्थेत. मी वर बघितलं. चौकटीवर मोरपीस. म्हणालो, मोरपीस.

आबांनी कंदील खाली ठेवला आणि भाऊ आला म्हणून लहान पोरासारखे रडायला लागले. ‘मना भाऊ उना! बठ्ठा गावले सांगा, मना भाऊ उना!’ मग माझा हात धरून म्हणाले, ‘भलता उशीर करा रे भो.’ नव्वदीचा माणूस मला उशीर झाला म्हणून रागावत होता, आणि पंचवीस वर्षं गाड्यांच्या उशिराबद्दल लोकांच्या शिव्या खाल्लेल्या मला पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं. मी कुंदाकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून उभी होती. मला वाटलं, अभिमानाने.

पुढचा अख्खा दिवस मी राजपुत्र होतो. फेटा बांधला, वाजतगाजत देवळात नेलं, पहिला नारळ माझ्या हातून. कुंदाची ओटी भरली, साडीचोळी केली. ठाण्याच्या गृहस्थांनी माझे फोटो काढले आणि ‘सर’ म्हणायला लागले. पण नाना, पाहुणा आणि भाऊबंद यात फरक असतो तो सोमवारी कळला. पाहुण्याला पोहे मिळतात. भाऊबंदाला सकाळी विचारतात, उठलात का, मग म्हशीची दावण बघा. आमची पथारी पाहुण्यांच्या खोलीतून माजघरात आली. तळ्यावरून पाणी आणायला कुंदा आणि मी. आबांच्या शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी तीस वर्षांची भांडणं, ती मिटवायला मी, कारण दोन्ही पाती आता हजर. मी बांधावर उभा राहून एसटीच्या आवाजात निकाल दिला, तो दोघांनाही मान्य झाला नाही, म्हणजे बरोबरच असणार. भाकऱ्या थापून थापून कुंदाचे हात भरून आले. घरोघरचे लोक राजाची सून बघायला यायचे आणि जेवूनच जायचे. आराम करायला आलेली माणसं आम्ही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं कुंदा म्हणाली. तरी भाकऱ्या थापत होतीच.

मंगळवारी आबा मला किल्ल्यावर घेऊन गेले. ते पुढे, काठी टेकत नव्हते, नुसती हातात होती. मी मागे, धापा टाकत. वर जिथून टोपली सोडली त्या कड्यापाशी बसलो. तिथून खाली अख्खा खान्देश दिसतो, नाना. कापसाची शेतं, रेल्वेची रेघ, तुमच्या चाळीसगावची गिरणी, आणि धुकं विरळ झालं तेव्हा मला वाटलं धुळंसुद्धा दिसतं. (कुंदा म्हणते शक्य नाही.) हे सगळं आपलं आहे, असं उगाच वाटलं. आबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, आयुष्यभर एकच रुखरुख होती, ‘मना मांगे कोन शे?’ मेल्यावर अग्नी द्यायला कुळातलं कोणी नाही, परक्याच्या हाताने जायचं. त्या जागेवर बसून कोणीही जे बोललं असतं तेच बोललो. म्हणालो, आबा, मी आहे ना. ते हसले. ‘आते मी मोकळा,’ म्हणाले, आणि उतरताना गाणं म्हणत उतरले.

मोकळे म्हणजे इतके मोकळे होतील हे मला काय माहीत? बुधवारी सकाळी अंगणात ऊन घेत बसले होते, अक्कांनी चहा दिला, तो सगळा प्यायले, कप नीट पालथा ठेवला, भिंतीला टेकले आणि गेले. इतकं सोपं मरण मी बघितलं नाही. आमची बॅग दारात भरलेली होती, जीपवाला हॉर्न वाजवत होता. पुनाने जाऊन त्याला परत पाठवलं. मग गावातले चार जाणते माझ्यासमोर आले आणि मडकं माझ्या हातात दिलं. कोणी मला विचारलंच नाही. मीही नाही म्हणालो नाही. आदल्या दिवशीचा शब्द अजून ओला होता. अनवाणी पुढे चाललो, पाणी दिलं, अग्निडाग दिला. रडू आलं का म्हणाल, तर आलं. चार दिवसांच्या ओळखीचा माणूस, पण आलं. खोटं कशाला सांगू.

आणि मग न्हावी. नाना, माझी मिशी तुम्हाला माहीत आहे. या मिशीकडे बघून ड्रायव्हर लोक विडी विझवायचे. ती गेली, डोकंही गेलं. आरशात बघितलं तर मी थेट आपल्या काकांसारखा दिसतो. म्हणजे तसा रुबाबदारच, पण रविवारी स्टेजवर उभं राहण्याजोगा नव्हे.

खरा स्फोट बुरुजावर झाला. कुंदाने तिथे जाऊन पुनमला फोन लावला. पुनम म्हणाली, ‘मम्मी, मी पप्पांना फक्त आराम करायला पाठवलं होतं गं.’ एवढं बोलून ती रडायला लागली म्हणे. व्याही सुकदेवराव यांना तुम्ही भेटला आहातच, रावेरकडची केळीची मोठी बागायत, माणूस सोन्यासारखा, पण रीतीभातीला पोलादासारखा. त्यांनी आधी विचारलं, खरंच राजाचं कुळ का? खरंच असेल तर आनंद आहे, पत्रिकेत घालू. पण खरंच असेल तर सुतकही खरंच. बाप अग्नी देऊन बसला आहे, मुलगी सुतकात, सोयरिकीची सुपारी फुटणार नाही. राजघराणं हवं आणि सुतक नको, असं चालत नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय!

आता मागणं. गावातले जाणते म्हणतात, परक्या माणसाने पुण्य म्हणून अग्नी दिला तर तो राख सावडून, आंघोळ करून मोकळा. सुतक कुळाच्या माणसाला. राख उद्या सावडायची आहे. तेव्हा मी कुळाचा आहे की नाही एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर देवकात. आपलं देवक काय हे तुम्हाला ठाऊक, तुम्ही थोरले, तुमच्या हाताने पाच लग्नांत ते बसलं आहे. ते मोरपीस असेल तर बोलणंच खुंटलं. पण माझं मन सांगतं, ते दुसरं काही असावं, कारण लग्नघरात मोरपीस बघितल्याचं मला काही केल्या आठवत नाही. तर तुम्ही दोन ओळी लिहून सही करून द्या की आपलं देवक अमुक आहे, राणमाळच्या राजाशी आपला संबंध नाही, आणि नवल हा पहिल्यापासूनच थोडा मोठं बोलणारा आहे. (शेवटचं वाक्य नाही लिहिलं तरी चालेल.) दुधाची गाडी सकाळी इथून निघते, तीच हे पत्र देईल, त्याच गाडीने उत्तर पाठवा. शनिवारी मी धुळ्यात, रविवारी डोक्याला फेटा. दहाव्याचं सगळं पुना बघेल.

माझा मोठेपणा गेला तरी चालेल, पोरीचा रविवार जायला नको. हे लिहायला मला किती जड गेलं ते तुम्ही ओळखाल.

आपला धाकटा (सध्या दोन घरांचा धाकटा),
नवल

ता. क. चिठ्ठीत ‘राजाशी संबंध नाही’ हे लिहाल ते इथल्या लोकांपुरतं. चाळीसगावात कोणाला बोलू नका. आणि तो ठाण्याचा गृहस्थ माझा फोटो फेसबुकवर टाकणार होता, तो कोणी काढायला लावू नये.

ता. क. २. पत्र बंद करत होतो तेवढ्यात खालच्या वाडीच्या बाया अक्कांकडे दारावर बसायला, दुखवट्याला, आल्या. अक्का माझ्याकडे बोट करून प्रत्येकीला सांगत होत्या, ‘हाऊ मना देर शे.’ हा माझा दीर, एवढंच, पुन्हा पुन्हा. काल नवरा गेलेली बाई, पण हे सांगताना त्यांचा चेहरा असा होत होता की मी भिंतीकडे तोंड केलं. मग ताट घेऊन माझ्यासमोर आल्या, ‘जेवी ल्या’ म्हणाल्या, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. नाना, तुमची चिठ्ठी आली की ती या बाईला वाचून कोण दाखवणार? मला जमायचं नाही. पुनालाही जमणार नाही. तुम्ही स्वतः येऊन वाचाल का? विचार करून ठेवा.

ता. क. ३. (शुक्रवार, सकाळ. दुधाची गाडी उभी आहे.) हे पत्र कुंदाने वाचलं. मी राख सावडायला गेलो होतो तेवढ्यात. वाचून घडी घातली आणि म्हणाली, ‘हे विचारायला नानांना कशाला त्रास? तुमचं देवक कळंबाची फांदी. तुमच्या घरच्या प्रत्येक लग्नात देवक आणायला आम्ही बायकाच जातो वाजंत्री घेऊन, फांदी तोडून सुपात घालून आणतो. तेव्हा तुम्ही मांडवात चहा पीत असता.’

मी म्हटलं, म्हणजे तुला शनिवारपासून माहीत होतं? कंदील धरून उभा होता तो म्हातारा, तेव्हापासून? तू एक शब्द बोलली असतीस तर हे काहीच झालं नसतं! दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीस, तोंड फुगवून बसली आहेस, आणि हे पोटात ठेवलंस?

कुंदा म्हणाली, ‘बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते रडायला लागले. मग पदर लावला.’

आणि पुढे सांगितलं की कालच तिने बुरुजावरून सुकदेवरावांना फोन करून रविवार रद्द केला आहे. तेही म्हणाले, हेच योग्य. पुनम रडली, मग जितेंद्रशी बोलली. जितेंद्र म्हणाला, पुढच्या सुट्टीत साखरपुडा आणि लग्न एकदमच करू, इतके दिवस थांबलो तसं अजून थोडं. पोरीने मला निरोप दिला आहे, ‘पप्पा, नीट बसा तिथे. अक्कांना एकटं सोडून येऊ नका.’ अशी पोर कोणत्या राजाच्या पोटी आली असेल ते मला सांगा!

तेव्हा नाना, चिठ्ठी पाठवू नका. पाठवलीत तर मी ती फाडीन. गंधमुक्तीला, सुतक फिटेल त्या दिवशी, तुम्ही आणि वहिनी नक्की या, थोरल्यांशिवाय शोभत नाही. न्हाव्याला तुमचंही सांगून ठेवलं आहे. ट्रॅक्टरची पूजा अर्थातच पुढे ढकलावी लागेल, कारण सुतक तुम्हालाही आहे. आणि अक्कांनी तुम्हाला देवक विचारलं, त्या विचारतीलच, तर मोरपीस सांगा.